पादरा प्रतीच्या दोन आया

थांबा, मधे कुणी बोलायचं नाही. कौमुदी, तू तर अजिबातच नाही... तुला अर्धं माहितीये, आणि उरलेलं अर्धं तू मनाचं घालून सांगतेस.

तर, आपलं बडोद्याचं खंडेराव मार्केट. जानेवारी. आईनं फोनवर तीनदा बजावलं होतं, आंबेहळद आण, लोणच्याची, कोवळी बघून आण. मी गेले तेव्हा भाजीवाल्या काकीच्या टोपलीत तळाशी एवढीशीच उरली होती. मी हात घातला, तर दुसऱ्या बाजूनं अजून एक हात आला. बोटं पिवळीधमक. हा माणूस एकेक गाठ मोडून वास घेत बसला होता, अत्तराच्या दुकानात बसल्यासारखा.

"आ में जुदी काढी छे, बेन," तो गुजरातीत म्हणाला, म्हणजे ही मी वेगळी काढलीये.

"एना पर नाम लख्युं छे?" मी म्हटलं.

"लखी आपुं?" लिहून देऊ, म्हणे!

काकी हसली. मला आला राग. मी तोंड फिरवून, अगदी हळू, पण मराठीत पुटपुटले, "हावरट मेला. एवढी हळद काय अंगाला लावून घेणारेय?"

आणि मागून शुद्ध, स्वच्छ, कारेलीबागेतलं मराठी आलं, "अजून मुहूर्त निघाला नाही. निघाला की कळवतो."

अगं... जमीन दुभंगावी ना, तसं झालं. मी वळून बघितलं तर हा गालात हसतोय. चष्मा घसरलेला, बोटं पिवळी म्हणून मनगटानं वर ढकलतोय, आणि तरी नाकाच्या शेंड्यावर एक पिवळा ठिपका लागलेलाच. काकीनं वाद मिटवला, "अडधी-अडधी करी दऊं छुं, झघडो मा." अर्धी त्याला, अर्धी मला. मी पैसे टाकून पळाले. एक्टिवा सुरू करताना चावी दोनदा पडली.

तुम्हाला माहितीये मी कशी आहे ते. घरातून निघाले की गॅस बंद केला का ते बघायला जिन्यावरून परत जाते. गोत्रीच्या सर्कलपर्यंत पोचून परत आलेय मी एकदा. त्यामुळे तो ठिपका मला रात्रभर आठवत राहिला आणि मी रात्रभर स्वतःला समजावत राहिले, कोण कुठला, परत कशाला भेटतोय.

सोमवारी भेटला.

माझी नवी नोकरी ना, रावपुऱ्यातला तो कुसुमावती हस्तलिखित संग्रह. मंदाकिनी मॅडम तिथल्या मुख्य. गोल कुंकू, किल्ल्यांचा जुडगा, आणि चालताना आधी किल्ल्या ऐकू येतात, मग मॅडम दिसतात. त्या मला घेऊन वाचनाच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "अमोघ, ही मैथिली. आपली कंप्युटरवाली. हिला तुझं झाड समजावून सांग."

त्यानं मान वर केली. मी त्याच्या नखांकडे बघितलं. अजून पिवळी.

"उतरली नाही वाटतं हळद?" मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. घाबरले की मी आगाऊपणा करते.

"पक्की होती," तो म्हणाला. "तुमचं लोणचं झालं?"

मॅडम एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून किल्ल्या वाजवत निघून गेल्या.

आता झाड म्हणजे काय ते ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. मलाही आधी हस्तलिखित म्हणजे जुनं पिवळं पुस्तक एवढंच वाटायचं. घोड्यांच्या औषधांवरची एक जुनी पोथी आहे, 'अश्वोपचार'. मूळ पोथी कधीच हरवली. उरल्यात त्या तिच्या नकला, आणि नकलांच्या नकला. एक पेटलादला सापडली ती पेटलाद प्रत, एक डभोईची, एक सोनगडची, एक पादऱ्याची. कुठली कुणावरून उतरवली, कोण कुणाची आई, कोण मावशी, हे शोधायचं. तेच झाड. पोथ्यांची वंशावळ.

"पण कळतं कसं?" मी विचारलं.

"चुकांवरून." अमोघचा चेहरा असा काही उजळला ना... जसं कुणी त्याच्या बाळाचं नाव विचारलंय. "बरोबर तर सगळेच लिहितात, त्यावरून काही कळत नाही. पण एकानं चूक केली की त्याच्यावरून उतरवणारा तीच चूक उतरवतो. चूक वारशानं जाते."

"म्हणजे आमच्याकडचं नाक," मी म्हटलं. "आजोबा, बाबा, मी."

त्यानं माझ्या नाकाकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"चांगली चूक आहे," तो म्हणाला आणि एकदम पानं उलटायला लागला.

मग त्यानं मला तेलाची गोष्ट सांगितली. बऱ्याच प्रतींत आहे, तेल कढवून खुराला लावावे, मग हरभऱ्याचे पाणी घोड्याला पाजावे. कुणा नकलकाराची मधली ओळच सुटली. राहिलं काय, तर तेल कढवून घोड्याला पाजावे! पेटलाद प्रतीत असंच आहे, आणि तिच्या सगळ्या पोरी-नातींत असंच आहे.

"अय्यो, बिचारे घोडे."

"घोड्यांनी पोथी वाचली नसेल अशी आशा करायची," तो म्हणाला. मी इतकी हसले की पलीकडून किल्ल्या वाजल्या.

माझं काम होतं हे झाड कंप्युटरला समजेल अशा खुणांत लिहायचं. नुसतं चित्र नाही. चित्र काय, कुणीही काढेल. कंप्युटरला विचारलं, 'सोनगड प्रतीची आजी कोण?' की त्यानं सांगायला पाहिजे. मी पहिल्या आठवड्यात एकदम झक्कास रचना केली. आईचे स्टीलचे डबे असतात ना, मोठ्यात मधला, मधल्यात छोटा? तसं. आईच्या खुणेच्या पोटात पोरीची खूण, तिच्या पोटात नातीची. प्रत्येक डबा एकाच डब्यात. सुटसुटीत. मला सुटसुटीत आवडतं, त्यानं धडधड कमी होते.

अमोघनं त्यात दोन गोष्टी घालायला लावल्या. प्रत्येक नात्याला एक धागा, आणि प्रत्येक धाग्यावर दोन रकाने. एक, 'कोण म्हणतं'. दुसरा, 'खात्री'. खात्रीत तीनच शब्द चालतील – नक्की, बहुधा, कदाचित.

मी भराभर भरत गेले. दोन दिवसांनी त्यानं येऊन स्क्रीन बघितली.

"मैथिली... हे सगळीकडे कदाचितच?"

"हो."

"पेटलादवरून सोनगड उतरवलीये हे त्या नकलकारानं स्वतः शेवटी लिहून ठेवलंय. सहीसकट. तिथेही कदाचित?"

"तो खोटं बोलत असला तर?"

तो खुर्ची ओढून शेजारी बसला. "तू चहा घेतलास का सकाळी?"

"बहुधा."

"मैथिली!"

"अरे पण चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं. म्हणून तर 'कोण म्हणतं' आहे ना. खाली नाव असतं. पुढचा माणूस येतो, तुझं नाव बघतो, तुझी चूक काढतो. त्याची त्याच्या पुढचा काढतो. असंच चालतं हे. पण कुणीतरी आधी नक्की म्हणावं तर लागतं."

"मग तू म्हण. तुझ्या घरात तीन पिढ्या पोथ्याच वाचतायत. माझे बाबा रिफायनरीत आहेत. तिथे चुकलं तर भडका उडतो."

तो हसला नाही. म्हणाला, "मला पण भीती वाटते." मग चष्मा मनगटानं वर ढकलला. आता बोटं स्वच्छ होती हं त्याची. सवयच आहे ती. मला उगीचच... काय सांगू, त्या मनगटाकडे बघत राहावंसं वाटलं.

मग मावठं आलं. उतरायण होऊन गेलं होतं, तारांवर फाटके पतंग लटकत होते, आणि भर थंडीत दुपारी एकदम पाऊस. त्याची स्कूटर बंद पडली होती म्हणून तो माझ्या एक्टिवावर मागे बसला होता. मधे एवढं अंतर ठेवून, की तिथे मंदाकिनी मॅडम आरामात बसल्या असत्या. आम्ही ब्रिजखाली थांबलो. सगळं बडोदं त्या ब्रिजखाली आलं होतं. त्यानं पिशवीतून लीलो चेवडोची पुडी काढली.

"ओला झालाय," मी म्हटलं.

"लीलो म्हणजे ओलाच."

आम्ही एकाच पुडीतून खात होतो. बोटं दोनदा लागली. दुसऱ्यांदा कुणीच सॉरी म्हटलं नाही. आणि तिथे त्यानं मला पादऱ्याच्या प्रतीबद्दल सांगितलं.

तिच्यात तेलाची चूक नव्हती. तिच्यात घोड्याला पाणीच पाजायचं होतं, तेही कुळथाचं. अमोघचं म्हणणं, तेच मूळ. बाकी प्रतींतला हरभरा मागून आला. डभोई प्रतीतही कुळीथच आहे, म्हणजे ती पादऱ्यावरून उतरवली. "बाकी सगळ्या लांबच्या," तो म्हणाला, "पण पादरा... ती त्या हरवलेल्या आईच्या सगळ्यात जवळची मुलगी." त्याचा प्रबंध तेवढ्यावर उभा होता. फेब्रुवारीच्या शेवटी संग्रहात परिसंवाद होता, पुण्याहून लोक येणार होते. विश्वस्त उदयसिंहराव ऐकणार होते. त्यांना पटलं की पादरा प्रत धरून अमोघच्या संपादनाखाली पोथी छापायची. पुस्तकावर त्याचं नाव.

"झालं की..." तो म्हणाला.

"झालं की काय?"

"झालं की एक गोष्ट बोलायचीये. तुझ्याशी."

"आत्ता बोल ना."

"आत्ता नाही. आत्ता सगळं कदाचितमध्ये आहे."

पाऊस थांबला तरी मी एक्टिवा सुरू करायची विसरले. शपथ.

आणि पुढच्याच आठवड्यात स्कॅन आले.

पादऱ्याची प्रत तिकडच्या एका घराण्याकडे आहे, ते कुणाला हातात देत नाहीत. अमोघनं सगळं काम जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंवरून केलं होतं. आता त्या लोकांनी पहिल्यांदाच रंगीत स्कॅन करू दिले. मॅडमनी ते मला दिले, खुणा कर म्हणून. मी चौदावं पान उघडलं, आणि पानाच्या मधोमध, त्या पाण्याच्या ओळीवर... पिवळा पट्टा.

हरताळ. आपण म्हणतो ना, सगळ्यावर हरताळ फासला? ते इथूनच आलंय. पूर्वी नकलकाराचं चुकलं की तो हरताळाची पिवळी पूड कालवून त्या अक्षरांवर फासायचा, वाळली की वर नवीन लिहायचा. आपली व्हाइटनर. काळ्या-पांढऱ्या फोटोत पिवळं दिसतच नाही. कागदासारखंच दिसतं.

मी स्क्रीनवर रंग वेगळे केले. पिवळा काढला. खाली, पुसट, पण स्वच्छ वाचता येत होतं – तेल कढवून पाजावे.

मला कळायला एक मिनिट लागलं. म्हणजे पादऱ्याचा नकलकार आधी पेटलादवरून उतरवत होता, चुकीसकट. मग त्याच्या हाती डभोई प्रत आली, कुळीथ दुसऱ्या कुठल्या प्रतीत नाहीच. त्यानं बघितलं, अरे, इथे तर पाणी आहे, कुळथाचं. त्यानं तेल पिवळ्यानं झाकलं आणि वर डभोईचं लिहिलं. डभोई पादऱ्याची मुलगी नव्हतीच. डभोई तिची आई. आणि पेटलादही आई. दोन आयांची पोर. मूळच्या जवळची बिवळची काही नाही... दोन्हीकडून घेतलेली मिश्र प्रत.

आणि अमोघचा प्रबंध, परिसंवाद, पुस्तक, 'झालं की एक गोष्ट बोलायचीये'... सगळ्यावर तो पट्टा.

मी धागा घालून बघितला. पादरा आधी पेटलादच्या डब्यात टाकली, मग तीच डभोईच्याही डब्यात घातली. मशीननं लालभडक ओळ फेकली. चालणार नाही. एक डबा दोन डब्यांत राहत नाही. माझीच रचना, माझाच नियम. आणि खरं सांगते, त्या लाल ओळीकडे बघून मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मशीनच नाही म्हणतंय! मी काय करू? दुसरा धागा सोडून द्यायचा. कुणाला कळणारेय?

तेव्हा मी हिला फोन केला. कौमुदी, काय म्हणालीस तू?

"गप्प बस म्हणाले. लग्न झाल्यावर सांग म्हणाले."

बघा! ही मैत्रीण.

मी दोनदा सांगायला गेले. एकदा सेव उसळीच्या गाडीवर. तो एवढा खुशीत होता, भाषणाची सुरुवात म्हणून दाखवत होता, रस्सा शर्टावर सांडला तरी थांबला नाही. मी म्हटलं, "तिखट आहे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याला ते कारण झालं. दुसऱ्यांदा जिन्यात. "अमोघ, ऐक ना." "काय?" "...तुझी बुटाची लेस." लेस नव्हतीच, चप्पल होती.

घरी झोप नाही. बाबा म्हणाले, "काय चाललंय हिचं? तीनदा गॅस बघून आली." मी विचार करत होते, सांगितलं तर तो माझं तोंड बघणार नाही. नाही सांगितलं तर तो बघेल, पण मी त्याच्याकडे कशी बघू? आणि कधीतरी कुणी पुण्याचा माणूस रंगीत पान उघडेल, भर सभेत. तेव्हा तो माझ्याकडे वळेल. तुझ्याकडे होतं ना हे पान?

परिसंवादाला आठवडा उरला होता तेव्हा मी त्याला पान दाखवलं. पिवळा काढला आणि खुर्ची मागे सरकवली.

त्यानं बघितलं. खूप वेळ बघितलं.

"तुझं काय म्हणणं आहे?" तो म्हणाला. आवाज असा... सपाट.

"मला वाटतं... कदाचित... म्हणजे असंही असू शकेल, की दोन—"

"कदाचित?"

"म्हणजे मला काय कळतंय, तुला जास्त—"

"मैथिली, माझी पाच वर्षं जातायत यात. नक्की असेल तर नक्की म्हण. कदाचितवर माझं मोडू नकोस."

'नक्की' म्हणायच्या ऐवजी मी स्क्रीनवर तो पिवळा पट्टा परत लावला. त्यानं पिशवी उचलली. दारात थांबला, मला वाटलं वळेल. वळला नाही.

मग सहा दिवस काही नाही. मेसेज केला, दोन निळ्या खुणा. बस. मी फोन उलटा ठेवायचे, सुलटा करायचे. तो टाइप करतोय असं दोनदा दिसलं आणि विझलं. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "रजेवर आहे," आणि किल्ल्यांमधून माझ्याकडे बघत राहिल्या.

मी काम केलं. दुसरं काय करणार? आई भांडी लावत होती, डब्यात डबा, डब्यात डबा, आणि एक डबा बसेचना. तिनं वैतागून सगळे बाहेर काढले आणि ओट्यावर ओळीत मांडून ठेवले. मी दारात उभी राहून बघत होते. मग पळाले आत. सगळी रचना मोडली. कुणी कुणाच्या पोटात नाही. प्रत्येक पोथी स्वतंत्र, ओळीत. आणि नाती वेगळी, धाग्यांची. एका पोथीला कितीही धागे येऊ देत, एक आई, दोन आया, चार. मशीन मुकाट झालं. पादऱ्याला दोन धागे लागले, पेटलादचा आणि डभोईचा.

'कोण म्हणतं'मध्ये माझं नाव घातलं. खात्रीचा रकाना तेवढा रिकामा. कर्सर लुकलुकत राहिला.

परिसंवादाच्या दिवशी मॅडमचा आग्रह असूनही मी साडी नेसले नाही, ड्रेस घातला, पांढरी ओढणी. साडीत अडखळून पडेन अशी भीती. हॉल भरला. अमोघचं नाव दुसरं होतं, आणि अमोघ नव्हता. पहिलं भाषण संपत आलं तेव्हा तो मागच्या दारानं आला. दाढी वाढलेली, डोळे लाल, धुळीनं भरलेला. माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ मंचावर.

"पत्रिकेत छापलंय की पादरा प्रत सगळ्यात शुद्ध," तो म्हणाला. "हे मी म्हटलं होतं. मी चुकलो. का चुकलो, ते ज्यांनी शोधलं त्या मैथिली सांगतील."

आणि खाली उतरून पहिल्या रांगेत बसला!

मंचावर मी कशी पोचले मला माहीत नाही. मी पान दाखवलं. पिवळा काढला. तेल दिसलं. हॉलमधे कुजबुज. मग मी झाड दाखवलं, पादऱ्याकडे येणारे दोन धागे.

उदयसिंहराव पुढेच बसले होते, हातात काठी, आवाज बारीक पण धारदार. "म्हणजे पोरी, पादऱ्याच्या प्रतीला दोन आया?"

लोक हसले. "हो," मी म्हटलं.

"हे कोण म्हणतं?"

"...मी म्हणते."

"आणि तो रकाना रिकामा का?"

भिंतीएवढ्या पडद्यावर, 'खात्री'च्या पुढे, रिकामं. सगळ्यांना दिसत होतं. मी अमोघकडे बघितलं. तो काही सुचवत नव्हता, मान हलवत नव्हता. फक्त बघत होता. मनगटानं चष्मा वर ढकलला त्यानं.

मी टाइप केलं. एकदा चुकलं, खोडलं, परत केलं. भिंतीवर एकेक अक्षर उमटत गेलं.

नक्की.

"बरं," उदयसिंहराव म्हणाले आणि काठी अमोघकडे वळवली. "मग या प्रतीवरून पुस्तक कसं छापायचं?"

तो उठला. "नाही छापायचं, साहेब. आत्ता नाही. आधी सगळे पिवळे पट्टे वाचायला हवेत. माझं तिसरं प्रकरण जातंय, ते परत लिहायला हवं."

"मग पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले. "बघू म्हणतोय हं. शब्द देत नाही."

"चालेल," अमोघ म्हणाला.

चहाच्या वेळी मी मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. रडू येतंय की काय तेही कळत नव्हतं. तो आला. एक पायरी खाली बसला.

"कुठे होतास?"

"पादऱ्याला. त्या लोकांच्या ओटीवर बसून होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोथी समोर ठेवली, हात न लावायच्या अटीवर. अजून बरेच पट्टे आहेत गं. सगळ्यांखाली पेटलाद, सगळ्यांवर डभोई. तू बरोबर होतीस."

"मग मेसेज?"

"चार वेळा लिहिला. चार वेळा पुसला."

"हरताळ लावून?"

तो हसला. मग म्हणाला, "राग तू चूक काढलीस म्हणून नव्हता आला. तू कदाचित म्हणालीस ना, म्हणून. कदाचित म्हटलं की माणूस आशा लावून बसतो. त्यापेक्षा नक्की बरं, वाईट असलं तरी."

"पुस्तक गेलं तुझं."

"पुढे गेलं," तो म्हणाला. "बहुधा."

मग त्यानं पिशवीतून कागदाची पुडी काढली. आंबेहळद. सुकत आलेली, सीझनची शेवटची. "पादऱ्याहून येताना मार्केटमध्ये उतरलो. काकी म्हणाली, पेली बेन क्यां छे? तू कुठेस म्हणून विचारत होती. अर्धी तुझी." आणि तिथेच मोडायला बसला, दोन वाटे करायला. बोटं पिवळी. चष्मा घसरला, वर ढकलला, आणि नाकाच्या शेंड्यावर परत तोच ठिपका.

"झालं की एक गोष्ट बोलणार होतास," मी म्हटलं. मी! मीच म्हटलं.

"झालं कुठे? बिघडलं सगळं."

"अमोघ."

त्यानं हळद खाली ठेवली. "एक धागा राहिलाय. इकडून... तुझ्याकडे. मार्केटपासूनचा."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"खात्री?"

त्यानं जरा विचार केला. "बहुधा."

"बहुधा?!"

"अगं माझ्या बाजूनं नक्कीच आहे. पण दोन टोकं असतात ना धाग्याला, दुसऱ्या टोकाचा पुरावाच नाही माझ्याकडे. मी एकदा फोटोवरून निष्कर्ष काढून बसलोय, आता परत—"

मी ओढणीचं टोक धरलं आणि त्याच्या नाकावरचा ठिपका पुसला. चांगला घासून.

"हा घे पुरावा."

"म्हणजे हे... कदाचित की—"

"नक्की," मी म्हटलं. एवढ्या जोरात, की आत किल्ल्या थांबल्या.

संध्याकाळी घरी आले तर आई लोणच्याची बरणी पुसत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग ओढणीकडे. पांढऱ्या टोकाला एवढा मोठा पिवळा डाग.

"हळद कुठे लावून आलीस?"

"अमोघच्या नाकाची आहे."

तिचा हात थांबला. "कोण अमोघ?"

तुम्हाला माहितीये, एरवी मी काय म्हटलं असतं. कुणी नाही गं, ऑफिसमधला, असाच. मी पुडी ओट्यावर ठेवली. एक स्टूल तिला ओढलं, एक मला.

"आई, बस," मी म्हटलं. "सांगते."

आणि सगळं सांगून होईपर्यंत, मागे गॅस चालू आहे की बंद, ते बघायला मी एकदाही वळले नाही.